हळूबाई कसे पडले

हळूबाई घसरले नव्हते. मी त्यांना ढकललं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सिडकोतल्या आमच्या मैदानावर सकाळी येणाऱ्या माणसांना आजही एवढंच माहीत आहे, की लोकांना तोल सांभाळायला शिकवणारा एक म्हातारा एका सकाळी ओल्या फरशीवरून स्वतःच घसरला आणि आडवा झाला. लोक हा किस्सा हसत सांगतात. मी तिथं असलो तर मीही हसतो.

आधीच सांगून ठेवतो, मला तो माणूस आवडत नव्हता. माणूस गेला की त्याच्या खडूसपणालाही लोक तूप लावतात; मला तसं करायचं नाही. हळूबाई उद्धट होते. कुणाचंही वय, हुद्दा, दुखणं बघायचे नाहीत. अंगानं जेवढे हळू, जिभेनं तेवढेच जलद. स्कूटरवरून उतरायला त्यांना जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात दुसरा माणूस चहा पिऊन कप विसळून ठेवील. आधी एक पाय जमिनीवर टेकायचा, मग त्याच्यावर सगळं वजन यायचं, मग दुसरा पाय सीटवरून असा फिरायचा की जणू खाली कुणाचं तान्हं निजलेलं आहे. आणि हे चालू असतानाच तोंडानं, "काय साहेब, आज बी पोत्यासारखेच आले का?"

गडी गंगापूरकडचा. बुटका, रुंद, मान अशी नाहीच, खांद्यांवर थेट डोकं ठेवलेलं. कंपनीत मॅनेजर होते. कंपनीनं त्यांना एक मोठं प्रेस मशीन ताब्यात घ्यायला चीनला धाडलं. मशीन वेळेवर तयार झालं नाही आणि हे तिथल्या एका गावात महिनोन्‌महिने अडकून पडले. भाषा येत नव्हती, जेवण घशाखाली उतरत नव्हतं. हॉटेलच्या मागच्या अंगणात सकाळी म्हातारी माणसं ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, करायची. कंटाळून हे त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. तिथं एक म्हातारी होती. ती यांच्या घोट्यावर छत्रीचं टोक मारायची आणि काहीतरी बोलायची. "काय बोलती ते एक शब्द कळत नव्हता," ते सांगायचे, "पण शिवी कोणत्या बी भाषेत कळती." शिकवण्याची हीच एक पद्धत त्यांनी पाहिली होती. ती जशीच्या तशी त्यांनी आमच्या मैदानावर आणली, छत्रीसकट.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला हास्यक्लब होता. त्याच्या अध्यक्षांना कडुलिंबाच्या झाडाखालची फरशी हवी होती. ती हळूबाईंनी त्यांच्या आधी येऊन धरली होती. अध्यक्षांनी एकदा बराच वेळ उभं राहून आमचे संथ हातवारे पाहिले आणि सगळ्या क्लबला ऐकू जाईल असं म्हणाले, "ताईची कसली हो, ही तर हळूबाईची!" झालं. त्या दिवसापासून त्या दणकट, मिशाळ माणसाचं नाव हळूबाई पडलं. ते चिडतील म्हणून आम्ही वाट पाहत होतो. ते म्हणाले, "बरोबर आहे. तुम्ही मोठ्यानं हसा, आम्ही हळू चालतो. कोण आधी मसणात जातं ते पाहू." पुढं कितीतरी दिवस त्या दोन गटांत रामराम बंद होता.

मी तिथं गेलो तो नाइलाज म्हणून. मला चक्कर यायची. ऑफिसात एकदा उभ्या उभ्या टेबलाचा कोपरा धरावा लागला, तेव्हा डॉक्टरांनी तोलाचे व्यायाम सांगितले. पाटबंधारे खात्यात इतकी वर्षं काढल्यावर माणसं आपल्याशी जरा अदबीनं बोलतात याची सवय होते. मी नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. हळूबाईंनी ते ऐकलंच नाही. म्हणाले, "उभे राहा."

"उभाच आहे."

"नाय. तुम्ही टेकलेले हाय. गुडघ्याला कुलूप लावलं अन् त्याच्यावर अंग टाकून दिलं. पन्नाशी गाठली साहेब, अन् अजून उभं राहता येत नाय?"

माझ्या पाठीमागे कुणीतरी खुदकन हसलं. मी ते हसू विसरलो नाही. मी सहसा काही बोलत नाही, पण विसरतही नाही. माझ्यातलं वाईट काय, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

पुढचे कित्येक दिवस त्यांनी आम्हाला फक्त उभंच केलं. गुडघे किंचित सैल, पाठीचा कणा सरळ, खांदे खुंटीवरून काढून ठेवल्यासारखे खाली, आणि डोकं जणू टाळूला दोरी बांधून वरून कुणी टांगलं आहे. दिसायला काहीच नाही. पण काही मिनिटांत मांड्या थरथरायला लागायच्या. मग चालणं. ताई चीचं सगळं मूळ चालण्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. एक पाय भरायचा, एक पाय रिकामा करायचा. सगळं वजन मागच्या पायावर घेतल्याशिवाय पुढचा पाय उचलायचा नाही, आणि पुढं टेकवलेल्या पायावर लगेच भार द्यायचा नाही. घागर भरतो तसं, हळूहळू, तो पाय भरायचा. परीक्षा घ्यायची रीत त्यांची स्वतःची होती. पुढच्या पायाखाली वर्तमानपत्राचं पान सरकवायचे आणि "पाय रिकामा करा" म्हणून पान खेचायचे. पान अलगद निघालं तर पाय रिकामा. फाटलं तर छत्री. माझी पानं इतकी फाटली, की एकदा ते म्हणाले, "साहेबांना रद्दीवाल्याकडं लावून द्या."

हालचालींची मूळ नावं त्यांना येत नव्हती, की सांगायची नव्हती, कोण जाणे. त्यांनी आपली नावं दिली होती. दोन्ही हात वेगळे करत पुढं जायचं ते 'घोड्याची आयाळ विंचरणं'. एका पायावर भार घेऊन एक हात वर, एक खाली, तो 'पाटातला बगळा'. बगळा करताना सांगायचे, "उसाच्या पाटात बगळा उभा राहतो. पाणी वाहतं, तो वाहतो का? मासा दिसला तरी घाई करतो का?" कमरेतून वळत दोन्ही हात एकामागून एक फिरवायचे ते 'ढग सारणं'. हात हातानं हलवायचा नाही, कंबर वळली की हात आपोआप आला पाहिजे. आणि हालचाल कुठंही तुटता कामा नये, यासाठी त्यांचा एकच दाखला: "आईनं हातानं शेवई ओढताना पाह्यली ना? जोर केला की तुटती. थांबलं की लोंबती. तशी ओढा." इतकं नेमकं बोलायचे, आणि पुढच्याच क्षणी कुणाला तरी ठोंब्या म्हणायचे. त्यांच्याबद्दल धड आदर वाटू द्यायचा नाही, असाच त्यांचा हट्ट असावा.

आमच्या शहरात नळाला पाणी कधीतरी येतं, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी माणसं बाकी सगळं सोडून टाक्या भरतात. हळूबाईंना हे कारण चालायचं नाही. पाण्याच्या दिवशी दांडी मारली की दुसऱ्या दिवशी विचारायचे, "भरली टाकी? आता पाय बी भरून दाखवा."

त्यांना गप्प करणारं एकच माणूस होतं. खरात मॅडम. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या राहायच्या. न्हाणीघरात पडल्यापासून त्यांच्या मनात पडण्याची भीती बसली होती. दुधाच्या पिशवीसाठी कोपऱ्यापर्यंत जायलासुद्धा पाय उचलायचा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मला व्यायाम-बियाम नको. मला न पडता दूध आणता आलं पाहिजे."

"मॅडम, तुम्ही जमिनीला घाबरता. जमीन कुणाला खात नसती."

"माझ्याशी बोलताना आवाज खाली ठेवायचा."

हळूबाईंनी आवाज खाली ठेवला. छत्रीही त्यांच्या पायाला कधी लागली नाही. त्या पान फाडायच्या तेव्हा ते वाकून तुकडे उचलायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." दिवाळीच्या आसपास एका सकाळी मॅडम हातात दुधाची पिशवी घेऊन एकट्या मैदानावर आल्या. पिशवी त्यांच्यापुढं धरून म्हणाल्या, "हे घ्या." हळूबाईंनी पिशवी पाहिली, मॅडमना पाहिलं आणि बराच वेळ लिंबाच्या शेंड्याकडं बघत उभे राहिले. मग आम्हा बाकीच्यांवर नेहमीपेक्षा जास्त ओरडले.

सिल्लोडचे शेखभाई, कापसाचा धंदा मुलांच्या हाती देऊन शहरात आलेले, ते मला समजवायचे. "मियाँ, दिल पे नक्को लो. कडवी दवा है. आपुन कू देखो, रात कू उठके पानी पीने जाने का डर था, अब हौ, टनाटन जातूं." मलाही बरं वाटत होतं. चक्कर थांबली होती. आणि खरं सांगायचं तर त्याचाच मला राग होता. ज्या माणसाला आपण मनातल्या मनात रोज शिव्या देतो, त्याच्याच शब्दावर आपले पाय स्थिर होत जावेत, हे मला सहन होत नव्हतं. मी रोज घरून निघताना ठरवायचो, आज शेवटचा दिवस. आणि रोज जायचो.

मग त्यांनी आम्हाला जोडीचे हात शिकवायला घेतले. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि गोल फिरवत राहायचं. समोरचा पुढं आला की आपण मागं सरायचं, तो सरला की आपण त्याच्यामागं जायचं. ढकलायचं नाही, अडवायचंही नाही. मनगटाच्या कातडीतून समोरच्याचं वजन कोणत्या पायावर आहे, ते ओळखायचं. "डोळे मिटा," ते म्हणायचे. "डोळे लई बडबड करतात. हात ऐकतात." याला एकच पक्का नियम होता, आणि तो त्यांनी कितीदा तरी सांगितला असेल: समोरच्यानं हात खाली घेतले, की संपलं. त्याच्यानंतर बोटसुद्धा लावायचं नाही. कारण हात खाली घेतलेला माणूस तुमच्या भरवशावर उभा असतो.

त्या दिवशी पाणी आलं होतं. शेजारच्या बंगल्याची टाकी भरून वाहत होती आणि ओघळ फरशीच्या कडेला आला होता. वर्गाला माणसं थोडी. मॅडम आणि त्यांच्या शेजारीण एक जोडी, शेखभाई आणि एक निवृत्त पोस्टमास्तर दुसरी, आणि उरलेला मी, म्हणून हळूबाई माझ्यासमोर. हळूबाई सोडून सगळ्यांचे डोळे मिटलेले.

माझ्या घरी त्या काळात बायको नव्हती. भांडून जालन्याला भावाकडं गेली होती. भांडण कशाचं, ते इथं सांगायची गरज नाही. मी न बोलण्याचंच होतं. कॉलनीला ते माहीत होतं आणि कॉलनी ते माझ्यासमोर काढत नव्हती. हळूबाईंना माहीत होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. आमची मनगटं काही वेळ फिरली आणि ते थांबले. मी डोळे उघडले.

"साहेब, तुम्ही ढकलत बी नाय अन् हलू बी देत नाय. धरून ठेवू राहिले. घरी बी माणसं अशीच धरून ठेवता का?" आणि हसले. मोठ्यानं. "मग पळणारच ना!"

मिटल्या डोळ्यांनीच कुणीतरी हसलं.

हळूबाईंनी हात खाली घेतले. मॅडमचे खांदे वर चढले होते ते सांगायला ते डावीकडं वळले. वळताना त्यांचं सगळं वजन डाव्या पायावर गेलं आणि उजवा पाय रिकामा झाला. हे मी डोळ्यांनी ओळखलं नाही. मला ते कळलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, वाचल्यासारखं स्वच्छ कळलं, की आत्ता, या क्षणी, हा माणूस एका पायावर आहे आणि याला कशाचा आधार नाही. मी दोन्ही तळवे त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवले आणि ढकललं. माझ्या अंगात त्या वेळी राग होता असंही मला म्हणता येणार नाही. कंबर वळली, हात आपोआप गेले. त्यांनी शिकवलं होतं तसेच.

आवाज मोठा झाला. सगळ्यांनी डोळे उघडले.

"काय झालं? काय झालं?" मॅडम ओरडल्या.

"घसरले," मी म्हणालो. "पाणी आहे इथं."

हळूबाई फरशीवर एका कुशीवर पडले होते. ओघळ त्यांच्यापासून हातभर लांब होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. अख्ख्या मैदानात माझं नाव घेऊन ओरडतील. ओरडायला ते कधी कचरले नव्हते. ते म्हणाले, "व्हय. घसरलो."

खुबा मोडला होता. दवाखान्यात मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, माझे आभार मानले. उचलून गाडीत घालणाऱ्यांत मीच पुढं होतो. त्या चहा सांगायला बाहेर गेल्या आणि मी खुर्ची ओढली.

"बसू नका," हळूबाई म्हणाले.

मी उभा राहिलो. "सर, तुम्ही खरं का नाही सांगितलं?"

"ढकललं कुणी?"

"मी."

"मग बोलायचं कुणी?"

ते छताकडं पाहत होते. "मी बोललो असतो तर कुणी ऐकलं असतं? पडलेला माणूस कारणं सांगू राहिला म्हणले असते. अन् ऐकलं असतं तर तुम्हाला चार शिव्या बसल्या असत्या, अन् तुम्ही मोकळे. एवढ्या स्वस्तात? नाय साहेब. मी तुम्हाला माफ-बीफ केलेलं नाय. ध्यानात ठेवा. जा, मैदानावर उभे राहा अन् सांगा. मॅडमसमोर सांगा. काल येऊन गेल्या त्या. रडू राहिल्या. म्हणे, तुम्हीच पडले तर मी काय करू?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

"उद्या." ते हसले, पण आवाज नव्हता त्या हसण्याला. मग मी दाराशी गेल्यावर म्हणाले, "ढकललं मात्र बरोबर. पाय रिकामा झाला तेव्हाच. पहिल्यांदा ऐकलं तुमच्या हातांनी."

सांगायला लाज वाटते, पण लपवायचं नाही म्हटल्यावर हेही लिहितो. मोडलेल्या खुब्याच्या माणसाकडून ते ऐकताना मला आतून बरं वाटलं. कौतुकानं बरं वाटतं तसं.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो. सांगायचं म्हणून गेलो. तिथं हास्यक्लबचे अध्यक्ष आमच्या लोकांना घेऊन उभे होते. "अहो, ज्याला स्वतःचा तोल नाही, तो तुम्हाला काय तोल शिकवणार? डॉक्टरच खाटेवर!" पोस्टमास्तर हसले. मॅडमच्या शेजारीण म्हणाल्या, "ते वय झालेलंच होतं त्यांचं, आपणच खुळे." मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "फरशी ओली होती हो." एवढंच. त्या एका वाक्यानं मी सगळ्यावर शिक्कामोर्तब केलं. पुढच्या आठवड्यात लिंबाखाली हा-हा-हो-हो सुरू झालं. हळूबाईंचा वर्ग पुन्हा भरला नाही. बायको परत आली, तिनं विचारलं, "तुमचा तो व्यायाम बंद का?" मी म्हणालो, "सर पडले." हे खोटं नव्हतं. म्हणूनच ते इतक्या सहज तोंडातून गेलं.

हळूबाई गावी गेले, वॉकरवर. शेखभाई त्यांना फोन करायचे आणि मला निरोप आणायचे. "मियाँ, तुम्हारे वास्ते पूछ रै थे सर. बोले, साहेब उभे राहिले का म्हणून विचारा." शेखभाईंना वाटायचं, माझ्या व्यायामाची चौकशी. मी सांगायचो, "सांगा, प्रयत्न चालू आहे." एकदा निरोपात एवढंच आलं, की पाय सुकत चाललाय. त्यानंतर निरोप आला नाही. मीही स्वतः कधी फोन केला नाही. आणि मग ते गेले.

दशक्रियेला मी गेलो. गोदावरीच्या काठी, गाडीत खरात मॅडम आणि शेखभाई. मॅडमना वाळूतून आधार देत न्यावं लागलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं माझी बाही गच्च धरलेली. आमच्याकडं दशक्रियेला माईक असतो. एकेक जण येतो आणि गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतो. त्यांच्या गावातले एक पुढारी बोलले. "आमचे आप्पा चीनला जाऊन तोल शिकून आले, आन् शेवटी संभाजीनगरच्या फरशीनं त्यांना चीत केलं! नशिबापुढं कुणाचं चालतं?" वाळूवर बसलेली माणसं दुःखाच्या प्रसंगी हसतात तशी, खाली मान घालून हसली. काकू माझ्यापासून दोन हातांवर होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला.

मग कुणीतरी पुकारलं, "शहरातून आलेले आप्पांचे शिष्य दोन शब्द बोलतील," आणि माईक माझ्या हातात आला. समोर दोनेकशे माणसं, मागं नदी. एक वाक्य होतं. ते तोंडात तयार होतं, मी त्याच्यासाठीच आलो होतो. मी बोललो ते असं: "सर शिस्तीचे कडक होते, पण मनानं फणसासारखे गोड होते. आमच्यासारख्यांना त्यांनी मोठा आधार दिला. त्यांच्या आत्म्याला शांती लाभो." लोकांनी माना हलवल्या. मी माईक पुढच्याच्या हाती दिला.

परतताना शेखभाई मागं डुलक्या घेत होते. मग मॅडम म्हणाल्या, "फणसासारखे गोड म्हणालात तुम्ही. काही गोड-बिड नव्हते. आतूनही कडकच होते."

"हो."

"मला राग येतो त्यांचा. गेलेल्या माणसाचा येऊ नये, पण येतो. मी त्यांच्या शब्दावर पाय उचलायला लागले होते. ते पडले तेव्हा मला वाटलं, हे सगळं खोटंच होतं. आता कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही जात मी. दूधवाल्याचा पोरगा येऊन दूध टाकून जातो."

मी गाडी चालवत होतो. गंगापूर मागं पडलं होतं, रस्ता मोकळा होता, आणि बोलायला कुणाची आडकाठी नव्हती. मॅडमच्या घरासमोर मी गाडी थांबवली, दार उघडलं, त्यांना पायरीपर्यंत धरून नेलं. त्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवण्याआधी चौकट दोन्ही हातांनी धरली. म्हणाल्या, "चांगले आहात तुम्ही. तुमच्यामुळं जाता आलं."

मी अजूनही सकाळी गच्चीवर उभा राहतो. आयाळ विंचरतो, बगळा करतो, ढग सारतो. चक्कर येत नाही. कुणी पाहिलं तर म्हणेल, माणूस छान शिकला. खरंच शिकलो, तो खाष्ट म्हातारा जे शिकवत होता त्यातला बराचसा भाग माझ्या अंगात मुरला आहे. तो मला आवडत होता का, याचं उत्तर मी आता देऊ शकतो. हो. पण हे उत्तर आता कुणाच्याही उपयोगाचं नाही, आणि त्यानं माझं देणं फिटतही नाही.

देणं वेगळं आहे. सर घसरले नव्हते, त्यांनी शिकवलेलं खोटं नव्हतं, मी त्यांना हात खाली घेतल्यावर ढकललं, हे मला खरात मॅडमच्या घरी जाऊन, त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे, आणि नंतर मैदानावर सगळ्यांसमोर. इथं ते लिहिलं आहे. तोंडानं अजून सांगितलेलं नाही.